एक खुर्ची पुढे

१

सत्याला कुणीही थांबवू शकत नाही, असं विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर हातभर अक्षरांत कोरलेलं आहे. त्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. पण सत्य सांगायला उभ्या राहिलेल्या माणसाला थांबवायला एक पितळी घंटा लागते, आणि नवोदित संशोधक गौरव दिनाच्या दुपारी, भाषणं सुरू व्हायच्या क्षणी, ती घंटा टेबलावर नव्हती.

घंटा तशी साधीच. लाकडी मुठीची, कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेतून आलेली. पण तिचा दरारा जबरदस्त. प्रत्येक नवोदिताला बोलायला तीन मिनिटं. ती संपली की टण. टण झालं की माणूस वाक्याच्या मध्यात असो की शब्दाच्या, तोंड मिटून खाली बसायचा. गेल्या वर्षी एकजण असाध्य दुखण्यावरचा उपाय सांगत होता. तो ‘आणि हा उपाय म्हणजे’ इथवर आला आणि बसला. नंतर त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम.

“घंटा कुठाय?” संयोजक टेबलाखाली वाकून विचारत होता. टेबलाखालून उत्तर आलं नाही.

या संयोजकाला सगळे ‘नेटवर्क’ म्हणत. तो सगळ्यांची सगळ्यांशी ओळख करून द्यायचा आणि स्वतः गरजेच्या वेळी कधीही सापडायचा नाही. आज मात्र बिचारा जागेवर होता आणि घामाघूम झाला होता. घंटेशिवाय चालवून बघू, म्हणून त्याने मोबाइलचा गजर लावला. पहिल्या वक्त्याने गजर ऐकून “कृपया आपापले फोन बंद ठेवा” असं बजावलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मग नेटवर्कने टाळ्या वाजवून पाहिल्या. सभागृहाला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं सांगून झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वक्त्याचे डोळे भरून आले आणि त्याने आपल्या विषयाचा इतिहास मुळापासून घेतला.

दुसऱ्या रांगेत चौकशीबाई बसल्या होत्या. हुद्द्याने त्या विद्यापीठाच्या गैरप्रकार चौकशी अधिकारी. कुणी कुणाचा प्रबंध उतरवला, कुणी न केलेल्या प्रयोगाचे निकाल छापले, हे शोधणं त्यांचं काम. त्यामुळे सकाळच्या ओळखीच्या कार्यक्रमात त्यांना कुणी खुर्चीच दिली नव्हती. त्यांच्यासमोर बसून आपल्या संशोधनाबद्दल मोकळेपणाने बोलेल असा माणूस त्या सभागृहात नव्हता.

बाईंची नजर पुन्हा पुन्हा मागच्या रांगेकडे जात होती. तिथे त्यांची भाची बसली होती. ती भिंतींवर, दगडांवर उगवणाऱ्या दगडफुलांवर काम करायची, म्हणून तिचं नावच ‘दगडफूल’ पडलं होतं. आज बोलणाऱ्यांत ती सगळ्यात शेवटची. महिनाअखेरीस तिची शिष्यवृत्ती संपत होती. पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत बाहेरगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे संचालक पाहुणे म्हणून बसले होते, त्यांच्याकडे एकच जागा होती आणि दगडफुलाने तिथे अर्ज केला होता. पाहुण्यांना संध्याकाळची गाडी होती. शेवटचं भाषण व्हायच्या आत ते उठून गेले, तर दगडफूल आपल्या गावी परत जाणार हे ठरलेलं होतं. तिच्या वडिलांचं टाइल्सचं दुकान होतं. बाईंच्या ताईने दुकानातलं एक टेबल लेकीसाठी आधीच पुसून ठेवलं होतं. दुकानातल्या त्या गुळगुळीत भिंतींवर दगडफूल उगवणं शक्यच नव्हतं.

घरी साधा चार्जर सापडला नाही तरी “मावशीऽ” म्हणून घर डोक्यावर घेणारी ही मुलगी. आज जिच्यावर तिचं सगळं अडलं होतं ती घंटा हरवली होती, तरी तिने मावशीला हाक मारली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडवत गप्प बसली होती. टेन्शन, बाईंनी मनात म्हटलं. मघाशी जेवतानाही हिने बाईंनी सकाळी भरून दिलेला स्टीलचा डबा पिशवीतून काढला, उघडला आणि तसाच बंद करून परत ठेवला होता.

“मॅडम,” नेटवर्क कानाशी येऊन म्हणाला, “तुम्ही चोर पकडता ना?”

“विचारांचे.”

“ही वस्तू आहे. सोपं जाईल.”

२

बाहेर पॅसेजमध्ये पाण्याचं मशीन होतं आणि त्याच्याशेजारी गौरव दिनाचा फलक, ज्यावर कुणीतरी कोट टांगला होता. बाई तिथे उभ्या राहिल्या. आतून वक्त्याचा आवाज येत होता. तो अजून पार्श्वभूमीतच होता.

“सकाळपासून सांग,” बाई म्हणाल्या. “आणि थोडक्यात. तू तरी.”

सकाळी ओळख फेरी झाली होती. खुर्च्यांच्या समोरासमोर दोन रांगा. एका रांगेत ज्येष्ठ, दुसरीत नवोदित. घंटा वाजली की नवोदितांनी एक खुर्ची पुढे सरकायचं, ज्येष्ठांनी बसून राहायचं. विद्यापीठाचा एकूण कारभार असाच चालत असल्यामुळे ही पद्धत कुणाला समजावून सांगावी लागली नव्हती. रांगेच्या शेवटचा उठून पहिल्या खुर्चीवर यायचा. अशा रीतीने प्रत्येकजण सगळ्या ज्येष्ठांना भेटून अखेर आपल्या मूळ खुर्चीवर परत यायचा, जिथे खाली त्याची पिशवी ठेवलेली असायची. पिशव्या सगळ्यांना प्रवेशद्वाराशी वाटलेल्या, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, त्यावर ‘चला, जोडले जाऊ या’ असं छापलेलं.

“घंटा तूच वाजवत होतास?”

“प्रत्येक वेळी मीच. टेबलावरून उचलायची, वाजवायची, ठेवायची. शेवटून दुसऱ्या फेरीत जेवणवाल्याचा फोन आला म्हणून मी बाहेर आलो. तेव्हा तुम्हीच तर दारात भेटलात.”

हे खरं होतं. बाई उशिरा आल्या होत्या आणि हा पॅसेजमध्ये फेऱ्या मारत कुणाला तरी जेवणाची भांडी मागच्या दाराने आणायला सांगत होता.

“परत आत गेलास तेव्हा?”

“उशीर झाला होता. मी दारातूनच ओरडलो, ‘चला, शेवटचं सरका!’ सगळे सरकले.”

“म्हणजे तेव्हा घंटा वाजवली नाहीस.”

“ओरडलो ना.”

“टेबलावर होती का ती?”

“मॅडम, मी तेव्हा माणसांकडे बघत होतो.”

“घंटा जाऊन तुझा काय फायदा?”

“माझा? वर्षभर या दिवसासाठी मरतोय मी! ती नसली की हे लोक काय करतात ते ऐकताय ना?”

आतला वक्ता पार्श्वभूमीतून बाहेर पडला आणि पार्श्वभूमीच्या पार्श्वभूमीत शिरला.

एवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि एक मुलगी हातात पिशवी उंच धरून बाहेर आली. “सर, ही पिशवी माझी नाही. माझ्या पिशवीत छत्री होती. यात मफलर आहे!”

तिच्या मागून दुसरा आला. त्याच्या मागून तिसरा. भाषण लांबलं की माणूस पिशवी उघडतो, आणि आज भाषण चांगलंच लांबलं होतं. बघता बघता पॅसेज भरला. तिथे जमलेल्या एकाच्याही हातात स्वतःची पिशवी नव्हती.

“नुसती घंटा नाही मॅडम,” नेटवर्कचा चेहरा पांढरा पडला. “कुणीतरी सगळ्यांच्या पिशव्या उपसल्यात.”

३

पॅसेजमध्ये पुढचा काही वेळ जे चाललं होतं त्याला बाजार म्हणणं बाजारावर अन्याय होईल. ज्याच्याकडे चप्पल होती त्याला चार्जर हवा होता, चार्जरवालीला औषधाची डबी हवी होती, आणि जिच्याकडे डबी होती ती म्हणत होती की आधी माझा चष्मा दाखवा, मग डबी. प्रत्येकाने हातातली पिशवी जमिनीवर उपडी करून दाखवली. मफलर निघाले, बिस्किटं निघाली, एकाच्या पिशवीतून भला मोठा झोपायचा उशीवजा पट्टा निघाला, ज्यावर कुणीच हक्क सांगितला नाही. घंटा मात्र निघाली नाही.

“माझा संशय विभागप्रमुखांवर, आपल्या प्रस्तावना सरांवर आहे,” एक उंच मुलगा बाईंच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला. याला सगळे ‘आलेख’ म्हणत. बोलताना याच्या हाताची बोटं सतत हवेत वर चढत जाणारी रेघ काढायची. शर्यतीत दगडफुलाचा मुख्य प्रतिस्पर्धी हाच, असं सगळे धरून चालले होते.

“आणि माझा तुझ्यावर,” बाई म्हणाल्या. “तुझ्याकडे म्हणे ढीगभर आलेख आहेत. तीन मिनिटांत मावतात?”

आलेखने आजूबाजूला पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणला. “मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं. तीन मिनिटांनंतर माझ्याकडे सांगायला काही उरतच नाही. घंटा वाजली की लोकांना वाटतं, अरेरे, याचं बरंच राहिलं. मला घंटा हवीच आहे. आज ती नसेल तर मी उघडा पडेन.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. हा इतकं खरं बोलत होता की दया यावी.

“कुणाची पिशवी आलीय तुझ्याकडे?”

“तिची, त्या चप्पलवाल्या मुलाच्या शेजारी उभी आहे ना, तिची. गंमत म्हणजे शेवटी मी खाली वाकलो तर माझ्या खुर्चीखाली पिशवीच नव्हती. पुढच्या खुर्चीखाली एक उरली होती. म्हटलं कुणीतरी पायाने ढकलली असेल. उचलली.”

बाई एकेकाला विचारत पॅसेजभर फिरल्या. तुझी पिशवी कुणाकडे सापडली? रांगेत तो तुझ्या पुढे होता की मागे? लोक चिडत होते, उत्तरं देत होते, पिशव्या ओढून घेत होते. आत टाळ्या वाजल्या. पण त्या वक्त्याला थांबवण्यासाठी होत्या आणि त्याने त्यांचे आभार मानून नवा मुद्दा काढला.

भिंतीला टेकून बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. उतरवलेले प्रबंध तपासताना त्यांना एक खूण कायम उपयोगी पडायची. अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा जर एकाने चुकत असेल, तर चूक प्रत्येक आकड्यात नसते. आधी कुठेतरी एक पान जास्तीचं घुसलेलं असतं.

“नेटवर्क,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “कुणी पिशव्या उपसलेल्या नाहीत. पिशव्या जिथल्या तिथेच होत्या. माणसं एक खुर्ची पुढे गेली होती. प्रत्येकाच्या हातात त्याच्या पुढच्याचीच पिशवी आहे.”

“असं कसं? मी शेवटचं सरका म्हटलं तेव्हा सगळे बरोबर आपल्या जागी यायला हवे होते.”

“आले असते. पण त्याच्या आधी ते एकदा जास्तीचं सरकले होते.”

“माझ्याशिवाय कोण सरकवणार त्यांना?”

“घंटा,” बाई म्हणाल्या. “तू फोनवर होतास तेव्हा ती वाजली. चोराने उचलली आणि हातात असताना ती वाजली. इतक्या माणसांनी ऐकली. एकानेही मान वळवून पाहिलं नाही की कोण वाजवतंय. सगळे उठले, एक खुर्ची पुढे सरकले आणि स्वतःविषयी सांगायला लागले.”

नेटवर्क हळूच खाली बसला. “म्हणजे चोरी सगळ्यांदेखत झाली.”

“सगळ्यांदेखत. आणि चोर त्यांच्यातलाच आहे.”

४

विभागप्रमुखांना विद्यार्थी ‘प्रस्तावना सर’ म्हणत, कारण त्यांच्या मूळ विषयापर्यंत आजवर कुणीही पोचलं नव्हतं. ते घसा ओला करायला बाहेर आले तेव्हा बाईंनी त्यांना पाण्याच्या मशीनशी गाठलं.

“बाई, मला माहितेय लोक काय म्हणताहेत,” सर पेला भरत म्हणाले. “घंटा नसली की माझं फावतं, असंच ना? पण मला सांगा, माझ्या भाषणात घंटा कधी वाजलीय? प्रमुखाला टण करण्याची कुणाची छाती आहे?”

हा मुद्दा बिनतोड होता. घंटा तरुणांसाठी होती. ज्येष्ठांना थांबवण्याचं साधन विद्यापीठाने अजून शोधलेलं नव्हतं.

“ओळख फेरी कशी झाली सर?”

“उत्तम! पोरं हुशार आहेत. बोलतात फार. पण त्यातली एक मात्र, काय सांगू तुम्हाला, अप्रतिम! शेवटी शेवटी आली होती. मी तिला विभागाची स्थापना कशी झाली ते सांगितलं. एकदाही मध्ये बोलली नाही. चुळबुळ नाही, मोबाइल नाही. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नाही.”

“कोण होती?”

“आता चेहरा... मी बोलताना जरा वर बघतो. छताकडे. तंद्री लागते.”

“आणि मग?”

“मग घंटा वाजली, मी मान खाली केली, तर तो उंच मुलगा बसत होता समोर. बोटांनी रेघा काढतो तो. त्याने लगेच स्वतःचंच सुरू केलं.”

सर पाणी पिऊन, ताजेतवाने होऊन, भाषणांच्या मधोमध दोन शब्द बोलायला आत गेले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

अप्रतिम श्रोता. मध्ये न बोलणारा, न हलणारा. सरांसमोरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी विभागाची स्थापना एका रिकाम्या खुर्चीला सांगितली होती.

आणि घंटा वाजल्यावर त्या रिकाम्या खुर्चीवर आलेख येऊन बसला. म्हणजे उठून गेलेलं माणूस रांगेत आलेखच्या पुढचं होतं. आता पिशव्या. सगळ्यांना आपल्या पुढच्याची पिशवी मिळाली. एकट्या आलेखला एक सोडून पुढच्याची. मधली पिशवी त्याच्या हाती लागलीच नाही, कारण जिची होती तिने ती त्याच्या खुर्चीखालून आधीच उचलली होती. सगळी रांग चुकलेली असताना बरोबर आपली पिशवी तेच माणूस उचलू शकतं, ज्याला रांग चुकलीय हे ठाऊक आहे. आणि रांग चुकलीय हे फक्त तिला ठाऊक असणार, जिच्या हातून घंटा वाजली.

त्या मधल्या पिशवीत काय होतं, ते बाईंना कुणाला विचारावं लागलं नाही. तो स्टीलचा डबा त्यांनी स्वतः भरला होता. सकाळपासून आपली पिशवी न हरवलेलं एकच माणूस त्या रांगेत होतं, आणि ते जेवणाच्या वेळी बाईंच्या डोळ्यांसमोर डबा उघडून बसलं होतं.

तरीही त्यांनी आलेखला बोलावून विचारलं. सवय होती.

“रांगेत तुझ्या पुढे कोण होतं रे?”

“म्हणजे काय मॅडम,” आलेख म्हणाला, “तुमची भाची.”

५

जिन्याखाली जुन्या फलकांचा ढीग होता. त्याच्या आड मावशी आणि भाची उभ्या होत्या. वर सभागृहात कुणीतरी म्हणत होतं, “आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो,” आणि सभागृहातून एक सामुदायिक उसासा ऐकू येत होता.

“मावशी, माझं ऐकून घे—”

“ऐकतेय. तीन मिनिटं.”

दगडफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसलीही. मग दोन्ही गिळून बोलायला लागली. “माझं काम तुला माहितेय. दगडफूल चांगलं वाढलं की तिथली हवा स्वच्छ. लोकांना हेच आवडतं, सोपं आहे. पण रंग दिलेल्या भिंतींवर हे चुकतं गं. तिथे हवा स्वच्छ असली तरी ते उगवत नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मला ते सांगायचंय. पण दर वेळी तालमीत त्याच्या आधीच वेळ संपतो. ते न सांगता खाली बसले तर मी खोटं बोलल्यासारखं होईल.”

“मग आधीचं काहीतरी गाळायचं!”

“काय गाळू? पहिलं मिनिट विभागाचे आभार. प्रस्तावना सरांनी स्वतः लिहून दिलंय.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“आणि त्यात सकाळी काय झालं,” ती पुढे म्हणाली, “पाहुण्यांसमोर बसले होते. ते म्हणाले, ‘तुमच्या अर्जाचं असं झालंय की’, आणि टण! मी उठले. का उठले? बसून राहायचं ना! पण पाय आपोआप उठले. त्यांचंही तोंड मिटलं. ‘असं झालंय की’ म्हणजे काहीतरी वाईटच ना गं? तेव्हापासून ती घंटा माझ्या डोक्यात बसली. प्रस्तावना सर छताकडे बघत होते, टेबल शेजारीच होतं. म्हटलं, नसेलच घंटा तर मला अर्धं मिनिट मिळेल.”

“आणि बाकीचे? त्यांनाही मिळेल, हे नाही आलं डोक्यात?”

दगडफुलाने मावशीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं भिंतींचं बारकाईने निरीक्षण करणारी ती नजर पूर्ण कोरी होती. “नाही गं. मला वाटलं, बाकीच्यांचं तीन मिनिटांत संपतच असेल.”

प्रत्येक संशोधकाची हीच समजूत असते, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी तो विषय सोडला.

“हातात वाजली तेव्हा घाबरलीस. आतला लोलक मुठीत धरलास आणि समोर दिसेल त्या पिशवीत घंटा टाकलीस.”

“हो. पण कुणाच्या ते सांगायची माझी हिंमत—”

“सांगू नकोस. पोरांच्या सगळ्या पिशव्या पॅसेजमध्ये उपड्या झाल्या, घंटा निघाली नाही. म्हणजे ती अशा पिशवीत आहे जी कुणी उघडलीच नाही. ज्येष्ठ जागचे हलले नाहीत, त्यांच्या पिशव्या बदलल्या नाहीत, म्हणून उघडल्या नाहीत. तसंही फुकट मिळालेली पिशवी ज्येष्ठ माणूस उघडत नाही, घरी नेऊन देतो. आणि त्यांच्यात टेबलाला चिकटून कुणाची खुर्ची आहे?”

दगडफूल जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसली. “परत काढायला गेले असते गं. पण पाहुण्यांच्याच पिशवीत हात घालायचा? ज्यांच्याकडे नोकरी मागितलीय त्यांच्या? पिशवी हलली तर वाजणार. आणि ते उठले की वाजणारच. सगळ्यांसमोर पाहुणे चोर ठरतील, आणि मी...”

जिन्यावरून नेटवर्क खाली डोकावला.

“मॅडम, पाहुणे घड्याळ बघताहेत. अजून अर्धे वक्ते बाकी आहेत. ते आता उठतील.”

६

चौकशीबाईंनी आपल्या कारकिर्दीत कुणालाही सोडलं नव्हतं. मोठमोठ्यांची अख्खी प्रकरणं त्यांनी लाल शाईने आडवी केली होती, आणि त्यातल्या बहुतेकांचा गुन्हा एकच होता: शेवटचं अर्धं मिनिट त्यांनी गाळलं होतं. ते सांगता यावं म्हणून चोरी करणारं माणूस त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आलं होतं. अशा गुन्ह्यासाठी नियमावलीत कलम नव्हतं.

त्या सरळ सभागृहात शिरल्या, पहिल्या रांगेपर्यंत चालत गेल्या आणि पाहुण्यांशेजारच्या खुर्चीवर बसल्या. सकाळी खुर्च्या मंचाकडे फिरवल्या तेव्हा पाहुण्यांना कुणी उठवलं नव्हतं, जेवणही हातात आणून दिलं होतं. पिशवी त्यांच्या पायाशी तशीच पडलेली. पाहुणे खुर्चीच्या कडेवर आले होते.

“आणखी थोडं बसाल ना?” बाई कुजबुजल्या.

“बसलो असतो हो. पण हे संपतच नाही.”

मंचावर एकजण आपल्या आजोबांनी त्याला निरीक्षणाची गोडी कशी लावली ते सांगत होता. बाईंनी समोर बघत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, पायाने पिशवीला हळूच टोला दिला.

टण.

“आणि म्हणूनच आजोबा—” वक्ता म्हणाला आणि तोंड मिटून खाली बसला.

सभागृहात जीव आला. पाठी ताठ झाल्या. पुढचा वक्ता जवळजवळ धावतच मंचावर गेला. घंटा कुठून वाजली हे सकाळसारखंच याही वेळी कुणी वळून पाहिलं नाही. नेटवर्कने आनंदाने दोन्ही हात जोडून छताला नमस्कार केला.

पाहुण्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग ते खुर्चीत मागे सरकून बसले.

यानंतर सत्र असं पळालं की बोलायला नको. तीन मिनिटं, टण. तीन मिनिटं, टण. प्रस्तावना सर मधे पुन्हा दोन शब्द बोलायला उठले. बाईंचा पाय क्षणभर घुटमळला, आणि विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच एका विभागप्रमुखाला टण झालं. सर चकित होऊन बसले. बसल्यावर त्यांना हे कळलं की आपण बसलोय. आलेखचं टण अगदी वेळेवर झालं आणि त्याचं बरंच सांगायचं राहिलं याची सभागृहाला हळहळ वाटली.

शेवटी दगडफूल उभी राहिली.

आभाराचं मिनिट गेलं. भिंती आल्या, हवा आली. भिंतींबद्दल बोलायला लागल्यावर तिचा आवाज स्थिर झाला. तिसरं मिनिट संपलं. बाईंचा पाय जमिनीवर खिळ्यासारखा रुतलेला होता.

“पण हे रंगवलेल्या भिंतींवर लागू होत नाही,” दगडफूल म्हणाली. “तिथे माझं अनुमान चुकतं. का चुकतं ते मला अजून कळलेलं नाही.”

एवढंच होतं तिचं अर्धं मिनिट. ते झाल्यावर ती गप्प उभी राहिली. सवयीने घंटेची वाट बघत होती. बाईंनी पिशवीला अगदी हलकेच स्पर्श केला. टण. ती बसली.

पाहुणे उठले. गाडीला अजून वेळ होता. त्यांनी पिशवी उचलली तशी आतली घंटा खणखणीत वाजली, आणि सभागृहातले सगळे नवोदित संशोधक उठून एक खुर्ची पुढे सरकले.

पॅसेजमध्ये पाहुण्यांनी पिशवीतून घंटा काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. कुठून आली, ते विचारलं नाही. बाईंनी ती पर्समध्ये ठेवली आणि कुठून आली ते सांगितलं नाही. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

“त्या शेवटच्या मुलीच्या अर्जाचं काय झालं?”

“ती? तिची निवड मागच्याच आठवड्यात झाली,” पाहुणे कोट चढवत म्हणाले. “सकाळी तिला तेच सांगत होतो. पण घंटा वाजली.”

“मग एवढी भाषणं कशाला ऐकत बसलात? आणि इतर उमेदवार?”

“कुठले इतर?” पाहुणे म्हणाले. “जागेसाठी अर्ज एकच आला होता.”